बेदाणे तपकिरी आहेत हेच आधी लिहा

पत्र असं आलंय:

"दादा नमस्कार. पिंपळगाव बसवंतजवळ आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, आम्ही राहायला इंदिरानगरला. यंदा भाव पडला म्हणून सासऱ्यांनी थोडा माल मार्केटला न देता शेडवर टाकला आणि बेदाणे केले. ३०० किलो झाले. एप्रिलपासून मी विकतेय, जेमतेम ४० किलो गेले, त्यातले निम्मे नात्यातच. व्हॉट्सॲपला ब्रॉडकास्ट टाकते तो असा: 'नमस्कार मंडळी! घेऊन आलो आहोत खास तुमच्यासाठी, नाशिकच्या मातीतले, उत्कृष्ट दर्जाचे, १०० टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री बेदाणे! वाजवी दर! त्वरा करा!' लोक अंगठा दाखवतात, ऑर्डर कोणी देत नाही. प्रॉब्लेम असा की आम्ही गंधकाची धुरी देत नाही त्यामुळे आमचे बेदाणे बाजारातल्यासारखे पिवळेधमक नाहीत, तपकिरी पडतात, म्हणून फोटो थोडा एडिट करून टाकते. (समोरच्या काकू म्हणतात, रंगाचं जाऊ दे गं, तुझे बेदाणे शिऱ्यात टच्च फुगतात. पण काकू काय, घरच्याच.) बाकी प्रोसेस सगळ्यांसारखीच, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवतो. भाचा म्हणतो 'शुगर कंट्रोल, रक्तवाढ' असं टाक, मग बघ. अंडरपासजवळ फ्लेक्स लावावा का? ॲड नेमकी लिहायची कशी? एक बेदाणेवाली, नाशिक."

ताई, तुमची ॲड वाचून मला बेदाणे घ्यावेसे वाटले नाहीत, पत्र वाचून वाटले. खरं सांगतो. ॲड तुम्ही लिहिलेली आहे पण ती पत्रात विखुरलेली आहे, आणि जे ॲड म्हणून पाठवताय ते भलतंच काहीतरी आहे जे तुमच्याआधी हजार लोकांनी लिहून झालंय.

एक गंमत करा. तुमच्या मेसेजमधून 'बेदाणे' हा शब्द काढा आणि तिथे 'गांडूळ खत' टाका. नाशिकच्या मातीतले, उत्कृष्ट दर्जाचे, १०० टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री गांडूळ खत, वाजवी दर, त्वरा करा. बसलं की नाही फिट? उलट जास्तच बसलं. जी ॲड दुसऱ्याच्या मालाला जशीच्या तशी चालते ती तुमची नाहीच, तिच्यात तुम्ही कुठेच नाही आहात, आणि वाचणाऱ्याला ते कळतं बरं का, त्याला कारण सांगता येणार नाही पण अंगठा दाखवून पुढे जातो तो ह्याच्यासाठीच. 'उत्कृष्ट दर्जा' वाचून डोळ्यासमोर काय येतं? काहीच येत नाही. वाजवी दर म्हणजे किती, तर माहीत नाही. निकृष्ट दर्जा आणि अवाच्या सवा दर असं कुणी पाटीवर लिहितं का? मग सगळेच जे लिहितात ते लिहून तुम्ही वेगळं काय सांगितलं?

आता आपल्या नाशिकचंच उदाहरण बघा. मिसळीच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं झणझणीत, चविष्ट, स्वादिष्ट चालू होतं, कोणी मान वर करून बघत नव्हतं. मग कुणीतरी लिहिलं 'चुलीवरची मिसळ'. बास. ह्या शब्दात धूर दिसतो, काळा झालेला टोप दिसतो, फुंकणी दिसते, आणि गंमत म्हणजे चांगली आहे असा एकही शब्द त्यात नाहीये, चांगली आहे हे वाचणारा आपलं आपण ठरवतो आणि गाडी काढून सहकुटुंब जातो. जो निष्कर्ष माणूस स्वतः काढतो त्याच्याशी तो भांडत नाही, आपण काढून दिला की भांडतो. ॲडच्या धंद्यात मी इतकी वर्षं काढली, पॅम्प्लेटं लिहिली, रिक्षावर स्पीकर लावून फिरायचं ते लिहिलं, केबलवरच्या पट्ट्या लिहिल्या, पण ह्याच्या वरताण माझ्याकडे काही नाही. अर्थात पुढे काय झालं तेही तुम्हाला माहितीय, रस्त्यारस्त्यावर चुलीवरची मिसळ झाली, मागे गॅस आणि पुढे शोभेची चूल, आणि तो शब्द मेला. म्हणजे चांगला शब्दसुद्धा कायमचा पुरत नाही, आणि दुसऱ्याचा उचललेला तर मुळीच नाही.

मग तुमची चूल कुठली? ताई, तुमची चूल म्हणजे तो तपकिरी रंग, जो तुम्ही एडिट करून लपवताय!

जरा विचार करा, गिऱ्हाइकाच्या मनात काय चाललंय. तिने दुकानात पिवळे बेदाणे बघितलेत, तुमच्या फोटोत पण पिवळसर दिसले, घरी पाकीट फोडलं तर तपकिरी. तिला वाटणार जुना माल आहे. ती तुम्हाला फोन करून भांडणार नाही, नाशिकची माणसं तशी भिडस्त, ती फक्त परत घेणार नाही आणि सोसायटीत कुणी विचारलं तर 'ठीक आहेत' म्हणेल, आणि 'ठीक आहेत' म्हणजे काय ते आपल्याला माहितीय. त्याच्याऐवजी तुम्हीच पहिल्या ओळीत सांगितलं की हे पिवळे नाहीत, तपकिरी आहेत, आणि का आहेत, तर तीच गोष्ट खोट न राहता ओळख होते. आणि आपल्या मालाची उणी बाजू स्वतःहून सांगणाऱ्या माणसाच्या पुढच्या चार वाक्यांवर लोक विश्वास ठेवतात हा वरचा फायदा. बाजारात कलिंगडवाला बघा, हे घेऊ नका मावशी, हे आजचं नाही, हे घ्या, असं एकदा म्हणाला की मावशी दुसरं वाजवून न बघता पिशवीत टाकते.

पण इथे एक कान पकडतो. 'केमिकल फ्री' काढून टाका, आजच्या आज. तुम्हीच लिहिलंय की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवता. त्यात चूक काही नाही, द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो तो सैल झाल्याशिवाय आतलं पाणी लवकर जात नाही आणि माल शेडवर बुरशी धरतो, सगळे करतात, पण मग केमिकल फ्री म्हणू नका ना. उद्या एखादा शेतकऱ्याचा मुलगा ग्रुपवर विचारेल, ताई डिपिंग काशात करता? मग काय सांगाल? धुरी देत नाही हे खरं आहे, तेवढंच लिहा, 'धुरी न दिलेले', आणि दुसऱ्यांचे विषारी वगैरे अजिबात लिहू नका. गंधकाच्या धुरीला मर्यादेत परवानगी आहे, तो त्यांचा माल, आपण आपल्या मालाचं बोलावं.

तुम्ही जे अगदी सहज सोडून दिलंय ते आता बघा. चार किलो द्राक्षं वाळली की साधारण एक किलो बेदाणा होतो, हे तुम्हाला इतकं माहितीय की पत्रातसुद्धा आलं नाही. कॉलेज रोडच्या फ्लॅटमधल्या बाईला हे माहीत नाहीये! तिला किलोचा भाव महाग वाटतो कारण ती बेदाण्याचा एक किलो बघते, तिला त्याच्यामागची चार किलो द्राक्षं दाखवा म्हणजे भाव आपोआप वेगळा दिसायला लागतो. जाळीच्या रॅकवर पसरलेली द्राक्षं, सावलीत पंधरवडाभर, रोज कुणीतरी जाऊन हात फिरवून बघणारं, तुमचे सासरेच असतील. हे सगळं प्रत्येक बेदाणेवाला करतो हे मान्य, पण सांगत कोणी नाही, आणि जो आधी सांगतो त्याचं ते होऊन जातं.

आणि ते काकूंचं वाक्य! कंसात टाकलंय तुम्ही. 'शिऱ्यात टच्च फुगतात.' अहो ह्या तीन शब्दांसाठी मला कधीकधी तीन दिवस लागतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, तुपातला, त्यात फुगलेला बेदाणा दाताखाली येतो तो, ते सगळं त्यात आलं. 'टच्च' हा शब्द भाच्याला सुचणार नाही, चॅटजीपीटीला सुचणार नाही, ते तुम्हाला 'निसर्गाच्या कुशीतील अस्सल गोडवा' असं काहीतरी देईल. हे घरचं नाही समजायचं, ही तुमची सगळ्यात चांगली कॉपीरायटर आहे आणि फुकट आहे.

मागे एका क्लासचं काम माझ्याकडे होतं, नाव नको. सरांना हवं होतं यशाची खात्री, अनुभवी शिक्षकवृंद, वातानुकूलित वर्ग. तसं लिहून दिलं, हजारांनी पॅम्प्लेटं पेपरात टाकली, फोन काही वाजेना. मग एका संध्याकाळी मी नुसता त्यांच्या जिन्यात उभा राहिलो आणि पोरांना घ्यायला आलेल्या आयांशी बोललो की तुम्ही इथेच का घातलं. एकजण म्हणाली, "पोरगं क्लासला पोचलं नाही ना, तर दहा मिनिटात सरांचा फोन येतो." दुसरी पण तेच म्हणाली. एसीचं कोणी नाव काढलं नाही. पुढच्या पॅम्प्लेटवर वरती मोठ्या अक्षरात तेवढंच लिहिलं, 'मुलगा क्लासला आला नाही तर १० मिनिटांत तुम्हाला फोन'. बाकी सगळं तसंच. फोन वाजायला लागले. त्यात माझं डोकं काही नव्हतं, मी नुसता जिन्यात उभा होतो. म्हणून तुम्हाला सांगतोय की ते नात्याबाहेरचे २० किलो ज्यांनी नेले त्या प्रत्येकीला फोन करा, 'आवडले का' असं नका विचारू, आवडले असंच म्हणतील, 'कशात घातलेत' असं विचारा. आणि जे बोलतील ते शब्दाला शब्द वहीत उतरवा, सुधारू नका.

त्यातून कळेल की तुमची गिऱ्हाइकं एका जातीची नाहीत. एक आजी रोज रात्री वाटीत दहा भिजत घालते, एक आई डब्यात देते, एक जण शिरा-खिरीला नेते, एखादी दिवाळीच्या आधी फराळासाठी पाच किलो उचलेल. ह्या सगळ्यांना एकच मेसेज 'मंडळी' म्हणून पाठवला की तो कुणालाच लागू होत नाही. मंडळी म्हणजे कोण? वाचणारी एकटी बसून वाचत असते, हातात फोन, कुकरची शिट्टी होतेय. तिच्याशी बोला. लिहिताना समोर त्या काकूच बसल्यात असं समजा आणि मोठ्याने म्हणून बघा, काकूंना तोंडावर 'त्वरा करा' म्हणाल का? हसतील हो त्या. जे तोंडाने बोलायला लाज वाटते ते लिहू पण नका.

मी लिहिली असती तर साधारण अशी:

"हे बेदाणे पिवळे नाहीत, तपकिरी आहेत. पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, ती आम्ही देत नाही. पिंपळगावजवळ आमची स्वतःची बाग आहे, यंदाचीच द्राक्षं शेडमध्ये सावलीत वाळवलीत. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, असे ३०० किलो झाले, २६० उरलेत. समोरच्या काकू म्हणतात शिऱ्यात टच्च फुगतात. किलो ४८० रुपये, अर्धा किलो २५०. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडकोत घरपोच. आधी चव बघायची असेल तर नुसतं 'चव' लिहून पाठवा, ५० ग्रॅमची पुडी देते."

भाव मी अंदाजाने टाकलाय, तुमचा तुम्ही टाका, पण टाका! 'भावासाठी मेसेज करा' हे लोकांना का आवडतं मला कळत नाही, बायकांना वाटतं ही तोंड बघून भाव सांगणार. आणि 'त्वरा करा'च्या जागी '२६० उरलेत' बघा, घाई तीच आहे पण खरी आहे, दर आठवड्याला तो आकडा बदलून टाका, २१०, १७५, लोक आपोआप बघायला लागतात. मात्र आकडा खराच पाहिजे. मी एकदा एका साडीच्या दुकानाचं पॅम्प्लेट केलं होतं, '५० टक्के पर्यंत सूट', त्यातलं 'पर्यंत' मालकाने इतकं बारीक छापलं की दिसेचना. गर्दी झाली, झालीच पाहिजे, पण पन्नास टक्के एका कोपऱ्यातल्या ढिगाला होती आणि काउंटरवर अशी भांडणं लागली की मी मागच्या दाराने निघालो. पुढच्या वर्षी त्याच दुकानाने खराखुरा सेल लावला तर काळं कुत्रं फिरकलं नाही.

आकड्यावरून दादासाहेब फाळके आठवले, आपल्या त्र्यंबकेश्वरचे, पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे ते. १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी सुरतेला लावला तेव्हा पहिल्या दिवशी गल्ला म्हणे तीन रुपये. लोकांचं म्हणणं असं की नाटक तासन् तास चालतं आणि हे एवढ्यात संपतं, वर तीन आणे कशाला द्यायचे? फाळक्यांनी तिकीट कमी केलं नाही, जाहिरात बदलली: ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. तुमच्या चार किलो द्राक्षांसारखंच आहे की नाही? वस्तू तीच, किंमत तीच, पण मागे केवढं काय आहे ते दाखवलं. आता माझ्यासारखा रिकामटेकडा हिशोब करतो. चित्रपट होता साधारण ३,७०० फुटांचा, फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे ५७ हजाराचा आकडा जवळपास बरोबर. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट होतात, तिथे दादासाहेबांनी जवळजवळ तिप्पट ताणलं! तेव्हा मोजणारं कोणी नव्हतं, चालून गेलं. तुम्ही फक्त पहिला अर्धा घ्या.

कारण दुसऱ्या अर्ध्याचा रस्ता भाच्याकडे जातो. 'शुगर कंट्रोल' लिहायचं नाही म्हणजे नाही. बेदाण्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते हो, कुणी डायबेटीसवाल्या काकांनी तुमच्या भरवशावर वाटीभर खाल्ले तर? आणि खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही, अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणून ती जाहिरात नाही असं होत नाही. भाच्याला सांगा, त्यापेक्षा पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, नंबर नीट छापून घे, १४ आकडी असतो तो, काढला नसेल तर आधी ते काम. तो नंबर, पॅकिंगची तारीख आणि तुमचा फोन, हे तीन पाकिटावर असले की 'विश्वासार्ह' हा शब्द लिहायची गरज राहत नाही.

अजून एक बारीक गोष्ट, पण कदाचित तुमचा निम्मा घोटाळा इथेच असेल. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. तुम्ही दोनशे जणांना पाठवला असं तुम्हाला वाटतंय पण सेव्ह कुणी केलाय, तर नातेवाइकांनी, आणि म्हणूनच निम्मा माल नात्यात गेला असेल! तेव्हा पुडी देताना तोंडाने सांगा की नंबर सेव्ह करा. आणि मेसेज मोठा असला की व्हॉट्सॲप तो मध्येच तोडून 'पुढे वाचा' दाखवतं, सगळे काही ते दाबत नाहीत, म्हणून 'नमस्कार मंडळी, घेऊन आलो आहोत' ह्याच्यात पहिल्या ओळी घालवू नका, तपकिरीचं वाक्य पहिलं. फोटो खिडकीपाशी ठेवून काढा, एडिट न करता, तळहातावर दहा-बारा बेदाणे, हात तुमचाच असू दे, बांगड्यांसकट.

फ्लेक्स नको. अंडरपासजवळ माणूस ट्रॅफिकमध्ये वैतागलेला असतो, त्याला फार तर चार शब्द दिसणार, तपकिरी का हे सांगायला जागाच नाही, आणि नंतर लक्षात राहणार आजूबाजूचे वाढदिवसाचे बॅनर. शिवाय महापालिकेची परवानगी घ्या, ती नसली तर कारवाई, तो ताप वेगळा. दोन एकराच्या बागेतला २६० किलो माल आहे ताई, साठ-सत्तर घरं मिळाली की संपला. फ्लेक्सला जेवढे घालणार होतात तेवढ्यात ५० ग्रॅमच्या पुड्या बांधा, आणि पहिल्या दहा पुड्या काकूंच्या हातात द्या, भिशीला जाताना घेऊन जातील.